हाफ म्हणजे नेमकं किती?

माझं इंग्रजी भाषेशी भांडण नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर हा लेख वाचून कुणीतरी मला मातृभाषेच्या रक्षणासाठी भरवलेल्या एखाद्या सभेचा अध्यक्ष करायचा आणि गळ्यात हार घालून तीन तास खुर्चीत बसवून ठेवायचा. मी टेबलाला टेबल म्हणतो, पेनाला पेन म्हणतो, आणि ज्या बँकेत गेली वीस-बावीस वर्षं कारकुनी करतोय तिला 'पेढी' म्हणण्याचा विचार माझ्या मनाला कधी शिवलेला नाही. (पेढी म्हटलं की पेढे आठवतात आणि कामात लक्ष लागत नाही.) माझं भांडण आहे ते इंग्रजीतल्या एकाच शब्दाशी. शब्द दिसायला गरीब, उच्चारायला सोपा. चहाच्या टपरीपासून पोलीस चौकीपर्यंत त्याचा सर्वत्र संचार आहे. खेडेगावात गेला की तो धोतर नेसून 'हाप' होतो आणि शहरात आला की पुन्हा टाय लावून 'हाफ' होतो. या हाफनं माझं आणि माझ्यासारख्या अनेकांचं आयुष्य निम्मं करून टाकलं आहे.

या भांडणाच्या मुळाशी वैयक्तिक वैर आहे, हेही लपवत नाही. माझी उंची पाच फूट एक इंच. त्यातला वरचा एक इंच चपलेचा आहे, असं आमच्या सौ.चं मत आहे आणि मोजमापाच्या बाबतीत मी सहसा तिच्याशी वाद घालत नाही. १९६२ साली 'हाफ टिकट' नावाचा सिनेमा आला होता. त्यात किशोरकुमार चांगला थोराड माणूस असून निम्म्या भाड्यात मुंबईला जाण्यासाठी लहान मुलाचं सोंग घेतो. सिनेमा माझ्या जन्माआधीचा. पण त्याची शिक्षा मात्र मला शाळेत झाली. पाचवीत मला जे 'हाफ तिकीट' म्हणायला लागले ते दहावीच्या निरोप समारंभापर्यंत. निरोपाचं भाषण करायला उभा राहिलो तर मागून आवाज आला, "अरे, उभं राहून बोल की!"

पण खरा घाव बसला तो कॉलेजच्या दुसऱ्या वर्षात. मामांबरोबर बसनं गावी निघालो होतो. मांडीवर कॉस्टिंगचं जाडजूड पुस्तक, डोळ्यांवर नवा चष्मा आणि ओठांवर मिशी येण्याची दाट शक्यता, असा माझा एकंदर थाट. कंडक्टर आला. मामांकडे बघून म्हणाला, "एक फुल, एक हाफ ना?"

मी म्हणालो, "अहो, मी एस. वाय. बी. कॉम.ला आहे."

"असू दे की बाळा," तो प्रेमानं म्हणाला, "हुशार पोरं जातात लवकर पुढं."

मी मामांकडे बघितलं. आता भाच्याच्या अब्रूसाठी मामा पेटून उठतील, अशी माझी अपेक्षा. पण मामा व्यवहारी. त्यांनी खिडकीबाहेर बघत बघत एक फुल आणि एक हाफ घेतलं आणि उरलेल्या पैशांचे भुईमुगाचे दाणे घेतले. त्यातलेही मला निम्मेच दिले.

त्या दिवशी मला हाफ या शब्दाचं जे व्याकरण कळलं ते आजतागायत बदललेलं नाही. अपमान झाला माझा, बचत झाली मामांची. माणसाला हाफ चिकटला की बहुतेक वेळा हाच व्यवहार होतो, हे मी पुढं जागोजागी पाहिलं.

आता तुम्ही म्हणाल, हाफ हा साधा आकडा आहे हो. एक भागिले दोन. त्यात कसलं आलंय राजकारण? मीसुद्धा कॉमर्सचा पदवीधर आहे. हाफ म्हणजे शून्य पॉइंट पाच, असं मलाही शिकवलं होतं. पण व्यवहारात शून्य पॉइंट पाच असलेला हाफ मला दुधाच्या पिशवीशिवाय फारसा कुठं भेटला नाही.

चहाच्या टपरीवर जा. "दोन हाफ!" म्हणून ओरडा. जे येतं ते फुल चहाच्या निम्मं नसतं. ते त्या दिवशीच्या चहावाल्याच्या मनःस्थितीइतकं असतं. पैसे मात्र निम्म्याहून जास्त असतात. हॉटेलात हाफ प्लेट मागवा. ताटली तीच, कांदा तोच, लिंबाची फोड तीच. फक्त मधला जो पदार्थ खाण्यासाठी आपण गेलेलो असतो तो निम्मा. अंड्याचं हाफ फ्राय मागवलं तर अंडं अख्खं येतं, फक्त एका बाजूनं कच्चं. म्हणजे इथे हाफ अंड्याला नसून आचाऱ्याच्या मेहनतीला लागू. हाफ शर्टाला दोन्ही बाह्या असतात, हाफ पँटीला दोन्ही पाय असतात आणि शिलाई तर नेहमीच फुल असते.

बाटलीबद्दल मी ऐकीव माहितीवर बोलतो. (आमची सौ. हे लेख वाचते.) आमचे एक सहकारी निवृत्त झाले तेव्हा पार्टीत मी सोड्याच्या आणि हिशेबाच्या बाजूला होतो. फुल म्हणजे ७५० मिलिलिटर, हाफ म्हणजे ३७५. इथपर्यंत गणित ठीक. पण क्वार्टर म्हणजे १८०! दोन क्वार्टर मिळून ३६० होतात. मग हाफमधले पंधरा मिलिलिटर गेले कुठे? मी हा प्रश्न भर पार्टीत विचारला. आमच्याकडे कॅशमध्ये पंधरा रुपयांचा फरक निघाला तर रात्री आठपर्यंत कुणी घरी जात नाही. इथे पंधरा मिलिलिटरचा फरक समोर दिसत असून कुणाला त्याचं सोयरसुतक नव्हतं. उलट हेडकॅशियर म्हणाले, "याला कुणीतरी हाफ पाजा रे, म्हणजे हा फुल गप्प बसेल."

पोलिसांच्या दप्तरात 'खुनाचा प्रयत्न' असतो. पूर्वी त्याला भारतीय दंडविधानाचं ३०७ कलम होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं १०९ आहे. पण चौकाचौकात त्याचं नाव एकच, 'हाफ मर्डर'. मी दवाखान्यात पडलेल्या माणसाच्या बाजूनं विचार करतो. डोक्याला चौदा टाके, हात प्लास्टरमध्ये, आणि बाहेर लोक म्हणताहेत, "काही नाही हो, हाफ मर्डर झालाय." म्हणजे त्यानं पूर्ण सहकार्य केलं नाही, अशीच तक्रार जणू!

बरं, हे झालं रस्त्यावरचं. आमच्या बँकेत तरी हाफ नीट वागतो का? माझ्या काउंटरवर फाटक्या नोटा बदलून देतात. रिझर्व्ह बँकेचा नियम असा, की ५० रुपये किंवा त्याहून मोठी नोट फाटली तर तिचा सर्वांत मोठा सलग तुकडा मोजायचा. तो ८० टक्क्यांहून जास्त असेल तर पूर्ण पैसे. ४० ते ८० टक्के असेल तर निम्मे. ४०च्या खाली काही नाही. म्हणजे आमच्या हिशेबी हाफ हा ४०पासून ८०पर्यंत ऐसपैस पसरलेला आहे. पंच्याहत्तर टक्के नोट घेऊन आलेल्या गृहस्थांना मी जेव्हा अडीचशे रुपये देतो, तेव्हा ते माझ्याकडे ज्या नजरेनं बघतात ती नजर फुल असते. आणि गंमत म्हणजे २० रुपयांपर्यंतच्या नोटांना हाफच नाही! निम्म्याहून जास्त तुकडा असेल तर पूर्ण पैसे, नाहीतर शून्य. गरिबाच्या नोटेला एकतर सगळं, नाहीतर काहीच नाही. हाफ परवडायला माणसाजवळ निदान पन्नासाची नोट तरी पाहिजे.

अर्ध्या रुपयाची तर कथाच निराळी. ३० जून २०११ला चार आण्याचं आणि त्याखालचं नाणं चलनातून गेलं. आठ आण्याचं मात्र गेलं नाही. कायद्यानं ते अजून जिवंत आहे, पण बाजारात भिकारीही ते हातात धरत नाही. निवृत्त माणसाचा घरात जो मान असतो, तोच त्याचा.

आणि आमचा शनिवार! आमच्या नशिबात पूर्वी शनिवारी हाफ डे होता. मी नोकरीला लागलो तेव्हा शेजारीपाजारी हेव्यानं म्हणायचे, "तुमचं काय बुवा, शनिवारी हाफ डे!" गिऱ्हाइकाच्या दृष्टीनं बँक दुपारी बंद व्हायची हे खरं. पण शटर अर्धं ओढलं की आत उरलेला अर्धा दिवस सुरू व्हायचा आणि तो संध्याकाळी केव्हातरी संपायचा. १ सप्टेंबर २०१५पासून दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टीचा झाला आणि बाकीचे शनिवार पूर्ण कामाचे झाले. एकदाचा हाफ गेला. मला त्या दिवशी जो आनंद झाला तो सुट्टीचा नव्हता. निदान शनिवारपुरतं जगात खरं बोलायला लागले, याचा होता.

"पण मराठीत तरी काय आहे?" असं माझे एक मित्र मला नेहमी विचारतात. ते स्वतः मराठीचे प्राध्यापक आहेत, त्यामुळे त्यांना हा प्रश्न खरोखरच पडलेला असावा.

मराठीत काय नाही? आमचे आजोबा चौथी पास होते आणि त्यांना अपूर्णांकांचे पाढे तोंडपाठ होते. निमकी, पावकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी. औट म्हणजे साडेतीन. 'औट घटकेचं राज्य' म्हणतात ते हेच. घटका चोवीस मिनिटांची, म्हणजे ते राज्य अवघं चौऱ्याऐंशी मिनिटांचं! मी कॅल्क्युलेटर शोधेपर्यंत आजोबा "एकोणीस औटं साडेसहासष्ट" म्हणून मोकळे व्हायचे. आमच्या लोकांनी पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच अशी एकेका तुकड्याला स्वतंत्र नावं दिली, घरातल्या प्रत्येक पोराचं वेगळं बारसं करावं तशी. आणि त्यातल्या अर्ध्याला काय मान होता, बघा. मुहूर्त साडेतीन, त्यातला दिवाळीचा पाडवा अर्धा. त्या दिवशी कुणी अर्धंच सोनं घेतो का? शक्तिपीठं साडेतीन. कोल्हापूर, तुळजापूर, माहूर ही पूर्ण आणि वणीची सप्तशृंगी अर्धं. पण वणीच्या गडावर जाणारा माणूस अर्धा नमस्कार करून परत येत नाही. उलट चढण तिथेच जास्त. पेशवाईत शहाणे साडेतीन. त्यातला अर्धा शहाणा कोण, तर नाना फडणवीस! का अर्धा, तर म्हणे तलवारीत कमी. पण पुढं बरीच वर्षं पुण्याचा कारभार कुणी हाकला, तर त्या अर्ध्यानं. हाफ म्हटलं असतं तर नानांना फडावर बसायला खुर्ची तरी मिळाली असती का?

आता मराठीही काही अगदी सोज्वळ नाही, हे मी मान्य करतो. 'अर्धवट' हा शब्द आपलाच आहे, आणि अर्ध्या हळकुंडानं पिवळे होणारेही आपलेच. पण एक फरक आहे. मराठीत शिवी ही शिवीच्या कपड्यात येते. तुम्ही मला अर्धवट म्हणालात तर मी तुम्हाला दीडशहाणा म्हणेन, आणि दोघांचे मिळून दोन पूर्ण माणसं होऊन मिटेल. हाफ मात्र हिशेबाच्या कपड्यात येतो. गळ्यात पट्टी, कानाला पेन्सिल. त्याच्यावर रागावताच येत नाही. तो म्हणतो, "मी कुठं काय म्हणालो? हा तर नुसता आकडा आहे."

सुशिक्षित घरांत तर हाफ चक्क सेंट लावून येतो. आमच्या इमारतीत नवीन राहायला आलेल्या एका गृहस्थांनी जिन्यात ओळख करून दिली, "ही माझी बेटर हाफ." मला ते भारी आवडलं. वर गेलो आणि सौ.ला म्हणालो, "आजपासून मी तुझी ओळख बेटर हाफ म्हणून करून देणार."

ती कणीक मळत होती. तिनं न वळता विचारलं, "पगार पूर्ण हातात देणार का?"

"त्याचा इथे काय संबंध?"

"मग हाफ कशाला? आणि मी बेटर, तर दुसरा हाफ काय झाला, ते त्या शेजाऱ्यांना माहीत आहे का?"

मी गप्प. ती पुढं म्हणाली, "धुणं माझं, भांडी माझी, तुमच्या आईचं पथ्य माझं, मुलाचा अभ्यास माझा. यात हाफ कुठला ते दाखवा, मग मला काय म्हणायचं ते म्हणा." त्यानंतर त्या गृहस्थांच्या पत्नीनं वर येऊन साखर मागितली तेव्हा दोघी बराच वेळ बोलत होत्या. त्या दिवसापासून जिन्यात ते नुसतं "ही माझी मिसेस" म्हणतात.

इथपर्यंत हसण्यावारी नेता येतं. पण परवा कोल्हापूरला जाताना एस.टी.त जे पाहिलं ते मला हसण्यावारी नेता आलं नाही. १७ मार्च २०२३पासून महाराष्ट्रात एस.टी.च्या भाड्यात बायकांना पन्नास टक्के सवलत आहे. सरकारनं योजनेचं नाव चांगलं भरदार ठेवलं, 'महिला सन्मान योजना'. पण एवढं मोठं नाव कंडक्टरच्या गर्दीत कोण घेणार? बसमध्ये सन्मानाचं नाव एकच, हाफ. माझ्यापुढच्या बाकावर डोक्यावर पदर घेतलेली एक बाई बसली होती. मांडीवर भाजीची पाटी. तिनं "एक हाप" म्हणून पैसे पुढे केले. तिच्या शेजारी उभे असलेले एक सद्गृहस्थ, कडक इस्त्रीचा शर्ट आणि हातात ब्रीफकेस, मोठ्यांदा म्हणाले, "भाडं हाफ आणि सीट मात्र फुल! आम्ही पूर्ण पैसे देऊन उभे."

बसमधले चार-सहा पुरुष हसले. खोटं कशाला सांगू, हसू माझ्याही ओठांपर्यंत आलं होतं.

बाई उठली नाही, ओरडली नाही. पाटी सावरत म्हणाली, "दादा, पहाटं चारला उठून मळ्यात गेले, भाजी काढली, आता बाजार करीन, रात्री जाऊन चूल पेटवीन. दिवस मातूर मला फुलच लागतोय बघा. त्येचं तिकीट कुणी हाप देत न्हाई."

ते गृहस्थ खिडकीबाहेर बघायला लागले. थेट आमच्या मामांसारखे. मला वाटतं, हाफवाल्या लोकांना अडचणीच्या वेळी बघायला प्रत्येक बसला एक खिडकी ठेवलेली असते.

सवलतीला माझा विरोध नाही. ती असावीच. पोरांचंच पाहा. रेल्वेत पाच ते बारा वर्षांच्या मुलाला हाफ तिकीट असतं. २१ एप्रिल २०१६पासून नियम असा झाला, की आरक्षणाच्या डब्यात त्याला स्वतंत्र बर्थ पाहिजे असेल तर भाडं फुल. भाडं हाफ दिलं तर बर्थ नाही. रेल्वेनं निदान रोखठोक सांगितलं. निम्म्या पैशात निम्मा बर्थ देतो म्हणून कुणाला फसवलं नाही, आणि टी.सी. येऊन मुलाला टोमणाही मारत नाही. माझं म्हणणं एवढंच, की भाडं हाफ असू दे, माणूस हाफ नको. हा शब्द तिकिटावरून उडी मारून सरळ माणसाच्या अंगावर बसतो, तिथे माझं भांडण सुरू होतं.

आणि आता जी गोष्ट सांगणार आहे ती सांगण्यासाठीच खरं म्हणजे हा सगळा लेख लिहायला घेतला.

बँकांमध्ये झाडलोटीला जी अर्धवेळ माणसं असत त्यांचा पगार आठवड्याच्या तासांवरून ठरे. कुणी एक तृतीयांश, कुणी निम्मा, कुणी पाऊण. यातल्या निम्म्यांना आम्ही 'हाफ स्केल' म्हणायचो. मी ज्या शाखेत होतो तिथल्या मावशी अशाच हाफ स्केल होत्या. त्या नोकरीला लागल्या तेव्हा शाखा दोन खोल्यांची होती. पुढे ती मोठ्या जागेत गेली. खाली हॉल, वर लॉकर आणि रेकॉर्ड रूम. काउंटर वाढले, गिऱ्हाइकं वाढली, जिना वाढला. मावशींचं स्केल तेवढं जुन्या जागेतच राहिलं. झाडून झालं की "मावशी, पाणी भरा", "मावशी, चहा सांगा", "मावशी, ही फाईल वर नेऊन ठेवा". घड्याळात हाफ केव्हाच उलटून गेलेला असायचा.

त्या दिवाळीत स्टाफच्या वर्गणीतून मिठाई आणायचं ठरलं. खजिनदार मी. वर्गणी पगाराच्या प्रमाणात, तेव्हा मिठाईही प्रमाणात, असा कॉमर्सचा विचार करून मी यादी केली. सगळ्यांना एक किलो आणि शेवटच्या ओळीत माझ्या सुवाच्य अक्षरात, 'मावशी – हाफ'. होय, मीच. ज्याला शाळेत पाच वर्षं हाफ तिकीट म्हणून रडवलं, त्यानंच.

मावशींनी पुडा घेतला, हातात तोलून पाहिला. म्हणाल्या, "सायेब, ह्यो निम्मा का?"

मी म्हणालो, "मावशी, तुमचं हाफ स्केल आहे ना, त्या हिशेबानं."

"आस्सं," मावशी म्हणाल्या, "हिशेबानं व्हय? बरं."

दिवाळीनंतर बँक उघडली. सकाळी आम्ही आलो तर हॉलच्या बरोबर मध्यापर्यंत फरशी आरशासारखी लख्ख. दाराकडून गिऱ्हाइकांचे बाक, स्लिपा भरायचं टेबल, सगळं चकचकीत. आणि काउंटरच्या आत, आमच्या बाजूला, दिवाळीआधीचे चहाचे कप, टाचण्या, रबरबँडं आणि पानाच्या पिचकारीशिवाय सर्व काही जसंच्या तसं. मॅनेजरांच्या केबिनमध्ये तर चार दिवसांची धूळ. मॅनेजर ओरडले, "मावशी! हे काय?"

मावशी शांतपणे म्हणाल्या, "हाप स्केल हाय न्हवं, सायेब? हिशेबानं हाप झाडलं."

"मग आमचाच हाफ कसा राहिला?"

"कोणचा हाप झाडायचा ते कागदावर कुठं लिवलंय? पैकं ठेवत्यात ती माणसं. त्येंचा आधी झाडला." आणि जाता जाता माझ्या टेबलाशी थांबून म्हणाल्या, "सायेब, पगार हाप असतोय, मिठाई हाप असतीया, पर कचरा कधी कुणी हाप करतंय का?"

मी मान खाली घातली आणि माझ्या टेबलाखालच्या टाचण्या वेचायला लागलो. दुसरं काय करणार?

दोन दिवस आम्ही आमचा आमचा हाफ स्वतः झाडला. तिसऱ्या दिवशी मॅनेजरांच्या कंबरेत उसण भरली आणि त्यांनी वरच्या ऑफिसला पत्र लिहिलं, की जागा वाढली आहे, काम वाढलं आहे, तरी स्केल वाढवून मिळावं. ते पत्र वर गेलं, खाली आलं, खुलासा मागवून पुन्हा वर गेलं. मोजमाप झालं, फॉर्म भरून झाले. पूर्ण स्केलची मागणी होती. मंजूर झालं पाऊण. आणि तेही मावशींच्या निवृत्तीला चार महिने उरले असताना. उत्तर आलं तेव्हा मी स्वतः एक किलोचा पुडा घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी तो उघडला, सगळ्या स्टाफला एकेक बर्फी वाटली आणि शेवटी माझ्या हातावर ठेवताना दोन ठेवल्या. म्हणाल्या, "घ्या. तुमी लहान हाय."

त्या 'लहान'मध्ये जी बेरीज होती ती हाफमध्ये कधी येणार नाही.

तेव्हा माझं मागणं फार मोठं नाही. शब्दकोशातून हाफ हाकलून द्या, असं मी म्हणत नाही. चहाला राहू द्या, शर्टाला राहू द्या, अंड्याला राहू द्या. त्या बिचाऱ्यांना वाईट वाटत नाही. क्रिकेटमधल्या हाफ सेंच्युरीला तर अवश्य राहू द्या, कारण तिथे पन्नास म्हणजे पन्नासच असतात आणि लोक वर टाळ्या वाजवतात. पण माणसापुढे आणि माणसाच्या कामापुढे हा शब्द लावायच्या आधी एकदा स्वतःशी विचारा, की समोरच्याकडून आपण निम्मं काय घेतलंय? काम पूर्ण घेतलं असेल तर त्याला हाफ म्हणू नका. पैसे पूर्ण देता येत नसतील तर तसं तोंडावर सांगा. माणसं समजून घेतात. पण हिशेबातली आपली चूक त्याच्या कपाळावर लिहू नका.

माझ्यापुरतं म्हणाल तर मी निश्चय केला आहे. पासष्टाव्या वर्षी एस.टी. ज्येष्ठ नागरिकांना निम्म्या भाड्यात नेते आणि पंचाहत्तरीनंतर तर फुकट. ही सवलत तोवर टिकली आणि मीही टिकलो, तर साधारण वीस वर्षांनी मी अधिकृतपणे हाफ तिकीट होणार आहे. शाळेतल्या पोरांचं भाकीत अखेर खरं ठरणार! तेव्हा कंडक्टर येईल, माझ्या उंचीकडे बघेल आणि सवयीनं विचारील, "हाफ का, आजोबा?"

मी ताठ बसून, म्हणजे जितकं बसता येईल तितकं, म्हणेन, "भाडं अर्धं घ्या. माणूस मात्र पूर्ण मोजा."

आणि शेजारी मामांसारखा कुणी खिडकीबाहेर बघत बसला असेल, तर त्याला माझ्यातले भुईमुगाचे दाणे देईन. निम्मे नाही, मूठभर.